मागे गाडी नको, पुढे गाडी हवी : मेळघाटच्या सायकल प्रवासाची घरच्यांसोबत तयारी

माउंटन बाइकवर पाच-सहा दिवसांच्या प्रवासाला निघायचं ठरलं की नवखा माणूस सायकलीच्या किमतीत अडकतो आणि घरचे काळजीत पडतात. सायकल पंधरा हजारांची असो की साठ हजारांची, सोबत येणारी घरची गाडी कुठे थांबणार, कोण स्वयंपाक बघणार आणि फोन लागला नाही तर कोण काय करणार हे ठरलेलं नसेल तर प्रवास दुसऱ्या दिवशी दुपारीच गुंडाळावा लागतो. म्हणून इथे सायकलीइतकीच जागा घरच्यांच्या कामाला दिली आहे.

उदाहरणासाठी अमरावती जिल्ह्यातला एकच मार्ग धरू. मोर्शीहून चांदूर बाजारमार्गे परतवाडा, तिथून घाट चढून चिखलदरा, पुढे घटांगमार्गे सेमाडोह, हरिसाल, धारणी आणि त्याच बाजूने सेमाडोह-परतवाडा करत परत मोर्शी. सारं मिळून सुमारे तीनशे किलोमीटर. सहा दिवस धरा, त्यातला एक दिवस चिखलदऱ्याला मुक्कामाचा. पहिला दिवस पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा, जवळपास सपाट, संत्र्याच्या बागांमधून. दुसरा दिवस जेमतेम तीस किलोमीटरचा, पण तोच सगळ्यात अवघड. तुमचं गाव वेगळं असेल तर मार्ग बदला, हिशोब हाच ठेवा.

आधी महिना ठरवा

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य. याच्या बाहेर नवख्याने जाऊ नये. मार्चपासून दुपारची झळ लागते आणि मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हौस म्हणूनही नको. पावसाळ्यात चिखलदरा देखणा असतो हे खरं, पण तो डांबरावरून मोटारीने जाणाऱ्यांसाठी. सायकलवाल्याला काळ्या मातीशी गाठ असते. ओल्या पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेत, शिरलात की दहा-पंधरा वेढ्यांत चाक आणि फोर्क यांच्यामध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि चाक जाम होतं. अशा वेळी जोर लावून पेडल मारलं की मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ओढला जातो आणि तो ज्या पट्टीवर लटकतो तो हँगर मोडतो. पावसानंतर दोन-तीन दिवस पांदण टाळा. अडकलातच तर उतरा, काडीने चिखल खरवडा, धुऱ्याच्या (बांधाच्या) गवतावरून सायकल उचलून न्या. पाण्याचा जोरदार फवारा मारून धुऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं.

ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळायला आणखी एक कारण आहे. कपाशीवर फवारणी चालू असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले होते. फवारणी चाललेल्या वावराजवळ थांबू नका, आणि वावरातल्या ड्रमचं किंवा कोणत्याही जुन्या बाटलीतलं पाणी कधीच घेऊ नका.

डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. रोजचा टप्पा दुपारी तीनपर्यंत संपेल असाच आखा. दोन तास हाताशी राहिले की पंक्चरचीही भीती वाटत नाही.

घरच्यांची कामं वाटून द्या

"तुम्ही फक्त मागे-मागे या" एवढं सांगून घरच्यांना सोबत नेलं की भांडण ठरलेलं. सायकल ताशी बारा किलोमीटरने चालते, घाटात सहाने. तिच्या मागे पहिल्या गिअरमध्ये बोलेरो चालवणाऱ्या भावाचा जीव कंटाळतो, क्लच जळतो, मागून येणारे ट्रकवाले हॉर्न मारतात आणि वळणावर ओव्हरटेक करणारा वाहनचालक समोरच्याला दिसत नाही. गाडी पुढे जाऊन थांबली पाहिजे. सपाटीवर दर पंधरा ते वीस किलोमीटरला, घाटात दर आठ-दहा किलोमीटरला, रुंद कडेच्या आणि ओळखीच्या जागी: शाळा, ग्रामपंचायत, बसथांबा, धाबा.

तीन कामं, तीन माणसं. दोघंच असतील तर पहिली दोन एकाकडे द्या, तिसरं मात्र वेगळंच ठेवा.

पहिला चालक. मार्ग, डिझेल आणि थांबे त्याच्याकडे. टाकी परतवाड्यातच फुल्ल करायची, पुढचा भरवसा धरायचा नाही. गाडीची स्टेपनी आणि जॅक निघण्याआधी एकदा वापरून बघायचा.

दुसरं माणूस खाण्यापाण्याचं. आई, वहिनी किंवा काका, ज्याला वेळ पाळायची सवय आहे ते. सायकलस्वार थांब्यावर आला की पाच मिनिटांत त्याच्या हातात पाणी आणि खायला काहीतरी पडलं पाहिजे. कुठे काय ठेवलंय हे शोधण्यात वीस मिनिटं गेली तर पाय आखडतात.

तिसरं माणूस गावात घरीच. ते प्रवासाला येत नाही, पण त्याचा फोन नेहमी चालू असतो. मेळघाटात फोनची रेंज तासन् तास जाते. सायकलस्वार आणि गाडी एकमेकांना लागत नाहीत, पण दोघांपैकी कुणालाही कधी ना कधी रेंज मिळते. ज्याला मिळेल त्याने घरच्या माणसाला निरोप द्यायचा: आत्ता कुठे आहे, किती वाजले, पुढचा थांबा कोणता, तिथे किती वाजता पोहोचेन. या चार गोष्टी, त्याच क्रमाने. "सगळं ठीक" असा निरोप निरोपात धरू नका.

आणि एक नियम कागदावर लिहून गाडीच्या काचेला चिकटवा: ठरलेल्या वेळेपेक्षा सपाटीवर पाऊण तास आणि घाटात दीड तास उशीर झाला की गाडीने आल्या रस्त्याने उलटं यायचं. फोनची वाट पाहायची नाही. सायकलस्वारानेही मुख्य रस्ता सोडून कोणत्याही पायवाटेला वळायचं नाही, म्हणजे उलटी आलेली गाडी चुकत नाही. अर्धेअधिक गोंधळ "मी पुढच्या फाट्यावर वाट पाहत होतो" या वाक्यापासून सुरू होतात.

अजून एक अधिकार घरच्यांना द्यायचा, आणि तो आनंदाने द्यायचा. आजचा दिवस इथेच थांबवायचा की नाही हे चालकाने ठरवायचं. घाम थांबला, बोलणं तुटक झालं, उलटी आली, चक्कर आली, की सायकल गाडीवर. सायकलस्वाराला स्वतःचं उतरलेलं तोंड दिसत नसतं.

सायकल तपासा, पण निघण्याच्या आदल्या दिवशी नाही

सहा आठवडे आधी पूर्ण तपासणी करा. बदललेला भाग दोनेकशे किलोमीटर चालून बसला पाहिजे.

सीटच्या उंचीपासून सुरुवात करा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, जाड पुस्तक मांड्यांच्या मध्ये वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. क्रँकच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. ८० सेंटिमीटर आलं तर सीट साधारण ७०.५ सेंटिमीटरवर. हा फक्त आरंभबिंदू. गुडघा समोरून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर आहे. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा. खूण म्हणून सीटपोस्टला टेपचा वेढा द्या, कारण गाडीच्या टपावर चढवताना कुणीतरी सीट खाली करतोच.

मग गिअर. घाटात सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते बघा. पुढच्या लहान चक्रीचे दात भागिले मागच्या मोठ्या चक्रीचे दात. २२ आणि ३४ असतील तर ०.६५, ३२ आणि ५० असतील तर ०.६४. हे छान. स्वस्त सायकलींत पुढे २४ आणि मागे २८ असतात, म्हणजे ०.८६, आणि त्यावर चिखलदऱ्याचा घाट चढताना गुडघे बोलू लागतात. मागची चक्री मोठी बसवून घ्या किंवा सामान गाडीत टाका. अशा सायकलींना मागे बहुधा सरकवून बसवायच्या चक्र्यांच्या संचाऐवजी (कॅसेटऐवजी) आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग आतल्या बाजूला येतं, वजनाचा भार एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) उघड्या टोकावर पडतो आणि तो वाकतो. चाक फिरवून बघा, चक्री डुगडुगत असेल तर एक्सल आधीच वाकलाय.

चेन पट्टीने मोजा. बारा इंचांत बरोबर बारा पूर्ण कड्या (एक रुंद आणि एक अरुंद मिळून एक) बसतात. बारावी कडी बारा इंचांच्या पुढे एक-सोळांश इंच गेली असेल तर चेन बदला. तशीच चालवलीत तर ती चक्रीचे दात खाते आणि मग नवी चेन जुन्या चक्रीवर उड्या मारते, खर्च तिप्पट.

ब्रेक. पॅडवरचा मसाला एक मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर नवा घाला आणि घाला तो घरीच. नवा पॅड सुरुवातीला धरत नाही. सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने येऊन वीस-पंचवीसदा दाबून मंद करा, पूर्ण थांबू नका, मग तो बसतो. डिस्कला तेलाचा हात लागू देऊ नका, चेनला तेल घालताना डिस्कवर कापड टाका. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर लीव्हर ओढताना स्पंजासारखा लागतो का बघा. त्यात कोणतं तेल आहे, मिनरल की डॉट, हे आताच लिहून ठेवा. दोन्ही एकमेकांत चालत नाहीत, चुकीचं भरलं तर सील फुगतात. गावातल्या गॅरेजवाल्याकडे मोटरसायकलचं डॉट ऑइल असतं आणि तो मायेने तेच भरून देतो, म्हणून सांगतोय. तारेचे डिस्क ब्रेक या मार्गासाठी कमीपणाचे नाहीत. तार तुटली तर कुठेही दुसरी घालता येते.

टायर, ट्यूब आणि सराटे

या भागात एकच शत्रू रोज भेटतो: सराटा. रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरतो, पावसाळ्यानंतर वाळतो आणि त्याच्या फळाचे तुकडे काटे वर करून पडलेले असतात. त्यात बाभळीचा काटा, जो पाऊण-एक इंच सरळ आत जातो. मोठ्या वाहनाला जागा द्यायला तुम्ही डांबरावरून कडेला उतरलात की दोन-चार चिकटतातच. जागा देण्यासाठी कडेला उतरण्यापेक्षा थांबून, सायकल उचलून बाजूला उभं राहणं बरं.

टायर २.० ते २.२५ इंच रुंद हवा. ट्यूब असेल तर हवेचा दाब डांबरावर ३५ ते ४० पीएसआय, पांदणीवर २५ ते ३०. हवा कमी असताना दगडावर आपटलात तर ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, ती काट्याची नसतात, तुमच्या आळसाची असतात. ट्यूबलेस असेल तर २९ इंची टायरमध्ये सुमारे १०० मिलिलीटर सीलंट (भोक बुजवणारा द्रव) घाला. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, म्हणून दिवाळीआधी भरलेलं जानेवारीत आहे असं समजू नका. टायर कानाशी धरून हलवा, आत डुचमळ ऐकू आली पाहिजे. ट्यूबलेस असली तरी एक ट्यूब जवळ ठेवाच.

आता खरी अडचण. गावातल्या सायकल दुकानात ट्यूब मिळते, पण कोणती? काळ्या जुन्या सायकलीचं २८ बाय दीडचं टायर २९ च्या रिमवर बसत नाही, दोन्हींचा व्यास वेगळा आहे: एक ६३५ मिलिमीटरचा, दुसरा ६२२. बायकांच्या जुन्या सायकलीचं २६ बाय १ ३/८ आणि माउंटन बाइकचं २६ बाय १.७५ ही दोन्ही "सव्वीसची" म्हणून विकली जातात आणि एकमेकांत बसत नाहीत. म्हणून एक घडीचं टायर आणि तीन ट्यूब सोबत हव्यात. अगदीच अडलं तर २६ ची माउंटन बाइकची ट्यूब ताणून २७.५ किंवा २९ मध्ये घालता येते, तिने पुढच्या मुक्कामापर्यंत जा आणि बदला.

व्हॉल्व्हचंही तेच. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक, वर स्क्रूची टोपी असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर लागतो. वीस-पंचवीस रुपयांची वस्तू, ती व्हॉल्व्हवरच बसवून ठेवा. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरताना स्वतः बघा, ट्रकची सवय असलेला हात दोन सेकंदांत टायर रिमवरून उडवतो.

पंक्चर काढायचा क्रम:

१. काटा दिसला तर उपटण्याआधी टायरवर खडूने खूण करा.
२. टायर एका बाजूने सोडवून ट्यूब काढा. व्हॉल्व्हपासूनचं अंतर जुळवून टायरमधली जागा शोधा.
३. टायरच्या आतून बोट फिरवू नका, मोडलेला काटा बोटात जातो. कापसाचं एक बोंड घ्या, चिमूटभर कापूस टायरच्या आतून हळू फिरवा. जिथे काट्याचं टोक आहे तिथे कापसाचे तंतू अडकतात आणि पांढरं शेपूट दिसतं. हिवाळ्यात विदर्भात कापूस रस्त्यावरही सांडलेला असतो. एवढं सोपं हत्यार दुसरीकडे मिळत नाही.
४. पकडीने काटा बाहेर काढा. पूर्ण फिरवून परत एकदा कापूस फिरवा. दुसरा असतोच.
५. ट्यूब घासकागदाने घासा, सोल्यूशन लावा आणि चार-पाच मिनिटं थांबा. ओलं असताना ठिगळ लावलेलं संध्याकाळपर्यंत सुटतं.
६. बाजूची भिंत फाटली असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा दुधाच्या टेट्रा खोक्याचा दुहेरी तुकडा ठेवा.

हे घरच्यांपैकी एकाला तरी तुमच्याइतकं आलं पाहिजे. चालकालाच शिकवा.

सायकलवर किती, गाडीत किती

गाडी आहे म्हणून सायकल रिकामी नेऊ नका. रेंज गेली, गाडी चुकली, तर पुढचे दोन तास तुम्ही एकटेच. सायकलवर तीन-चार किलो: दोन ट्यूब, पंप, टायर लीव्हर, ठिगळं, चेन तोडायच्या पिनेसह मल्टिटूल, तुटलेली चेन हाताने जोडायची एक क्विक लिंक (तुमच्या चेनच्या स्पीडचीच), पातळ विंडचीटर, शिट्टी, टॉर्च, दीड-दोन लीटर पाणी, शंभर-दोनशेच्या सुट्या नोटा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद: रक्तगट, घरचे तीन नंबर, थांब्यांची यादी. फोनमधली यादी फोन पडला की जाते.

गाडीत: उभा पंप, घडीचं टायर, उरलेली ट्यूब, डिरेलर हँगर (तो तुमच्या फ्रेमचाच लागतो, दुकानात "असाच एक" चालत नाही), गिअरची आतली तार, ब्रेक पॅडची एक जोडी, चार स्पोक. मागच्या चाकात उजव्या आणि डाव्या बाजूच्या स्पोकची लांबी वेगळी असते, दोन्हीकडचे दोन-दोन घ्या आणि कागदी टेपवर लिहून चिकटवा. केबल टाय, डक्ट टेप, जुनी पकड. वीस लीटरचा पाण्याचा कॅन, सतरंजी, प्लास्टिकचा टब. टब कशाला हे चौथ्या दिवशी कळतं: रोज संध्याकाळी सायकलची पॅडची (आतून गादी शिवलेली) चड्डी साबणाने धुऊन उलटी वाळवायची असते. एकच चड्डी न धुता दोन दिवस घातली की मांड्यांना पुरळ येतं आणि मग सायकल कितीही चांगली असो, बसता येत नाही. पॅडच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालू नका, शिवण घासते. व्हॅसलीन लावा.

दहा आठवडे

सराव असा: आठवड्यातून तीन दिवस तासभर, रविवारी लांब. पहिला रविवार २५ किलोमीटर, मग दर आठवड्याला चार-पाच वाढवा, दर चौथ्या आठवड्याला तिसरा हिस्सा कमी करा. सातव्या-आठव्या आठवड्यात शनिवारी ४५ आणि लगेच रविवारी ५५, सामानासह. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसवतं की नाही, याचीच ही परीक्षा.

अडचण अशी की आपल्या बहुतेक गावांभोवती चढ नाही. बुलढाण्याकडच्यांना राजूर घाट आहे, नागपूर बाजूच्यांना रामटेकचा गड आहे, बाकीच्यांनी जवळची कोणतीही टेकडी एका दिवसात सहा-आठदा चढावी. तेही नसेल तर उलट्या वाऱ्यात, बसूनच, वीस-वीस मिनिटं सलग चालवा. उजवा पाय पंधरा सेकंदांत किती वेळा खाली येतो ते मोजून चारने गुणा. चढावर साठ-सत्तरच्या खाली गेलात तर गिअर हलका करा. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल तर तुम्ही जोरात आहात. परतवाडा ते चिखलदरा चढ सुमारे सातशे मीटरचा आहे. परतवाडा पायथ्याला, चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर. नवख्याला चार तास धरा, पाच लागले तर लाजू नका.

खाणं आणि पाणी

हिवाळ्यातही तासाला अर्धा ते पाऊण लीटर. तहान लागायची वाट पाहू नका, गाडी दिसली की बाटली भरा. ओआरएसचं पाकीट एका लीटर पाण्यातच घाला, अर्ध्या लीटरमध्ये "जास्त ताकद" येत नाही, पोट बिघडतं. पाकीट नसेल तर लीटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, वर लिंबू.

तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय किंवा गोड पदार्थ पोटात गेले पाहिजेत. एका केळात वीस-पंचवीस ग्रॅम असतात. गूळ-शेंगदाण्याचे छोटे लाडू, खजूर, उकडलेला बटाटा मीठ लावून. मोर्शीकडून निघालात तर संत्री आहेतच, पण चढावर एकदम तीन-चार खाऊ नका. सकाळी तर्री-पोहे मोह घालतात, तर्री संध्याकाळसाठी ठेवा. दुपारी भाकर, वरण, ताक. तेलकट आलुबोंडा खाऊन चढायला लागलं की अर्ध्या घाटात तो आठवण करून देतो. संध्याकाळी मात्र पोटभर जेवा, मुक्कामाला पोहोचल्यावर तासाभरात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे.

जंगलातले नियम

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाणारा सार्वजनिक रस्ता आणि सफारीचा रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सफारीच्या रस्त्यावर सायकल नाही. सार्वजनिक रस्त्यावरही वन विभागाच्या नाक्यावर वेळा आणि परवानगी त्याच आठवड्यात विचारा, कारण त्या बदलतात. मुक्काम आधीच ठरवा. चिखलदऱ्याला आणि सेमाडोहला पर्यटकांची सोय आहे, पण नाताळ ते नवं वर्ष या काळात न विचारता जाणं म्हणजे गाडीतच झोपण्याची तयारी.

सूर्य चांगला वर आल्याशिवाय जंगलात शिरू नका आणि मावळायच्या तासभर आधी बाहेर या. भीती वाघाचीच बाळगतात, पण पायी माणसाला अस्वलाचा धोका जास्त, त्याला वास लागतो पण नजर कमी आणि एकदम समोर आलं की ते घाबरून धावून येतं. वळणावर घंटी वाजवा. गवा रस्त्यात उभा असेल तर थांबा, फोटोसाठी जवळ जाऊ नका. गाडीने जंगलाच्या पट्ट्यात वाट पाहायची नाही, थांबे गावातच किंवा नाक्यावरच ठेवायचे.

सपाटीवर संध्याकाळी रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर रस्ता ओलांडतात. आणि आडवाटेने वावरातून जायचा मोह अंधारात मुळीच नको. डुकरांसाठी धुऱ्यावर सोडलेल्या करंटच्या तारा माणूस आणि जनावर असा भेद करत नाहीत.

कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत जा. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी जा. सापासाठी चिरा देणं, आवळून बांधणं काही नाही. पाय हलवू न देता गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात. १०८ लावा, पण गाडी जवळ असेल तर रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका.

उतार

चढापेक्षा परतीच्या उतारावर जास्त लोक पडतात. ब्रेक धरून ठेवू नका: वळणाआधी जोरात दाबा, सोडा, परत दाबा, दोन्ही ब्रेक. सतत घासत आणलात तर डिस्क तापून ब्रेक ढिले पडतात, जुन्या रिम ब्रेकमध्ये रिम तापून ट्यूब फुटते. जळका वास आला की कडेला थांबून दहा मिनिटं गार होऊ द्या, डिस्कवर पाणी टाकू नका. चढून घामाघूम झालेलं अंग उतारावर वाऱ्याने गार पडतं. विंडचीटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घाला, थंडीत तिच्याइतकं हलकं दुसरं काही नाही.

रंगीत तालीम

निघण्याच्या तीन आठवडे आधी दोन दिवस, एक रात्र. तीच माणसं, तीच गाडी, तेच खाणं. मध्ये दोन तास सगळ्यांनी फोन बंद ठेवा आणि उशिराचा नियम खरोखर चालतो का बघा. एकदा मुद्दाम हवा सोडून चालकाला ट्यूब बदलायला लावा, घड्याळ लावून. पंचवीस मिनिटांत झालं तर चांगलं. घरी आल्यावर गाडीत जे नेलं आणि उघडलंही नाही ते बाजूला काढा, आणि जे मागितलं पण नव्हतं ते लिहा. ही दुसरी यादी लहान असते आणि तीच खरी.

शेवटच्या आठवड्यात सायकलीवर नवं काही बसवू नका, नवे बूट घालू नका, तास-तासाच्या दोन हलक्या फेऱ्या पुरे. निघायच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही टायर ४० पीएसआयपर्यंत भरून सायकल अंगणात उभी करा. पहाटे चहा ठेवण्याआधी परत मोजा. एका टायरची हवा पाच पीएसआयपेक्षा जास्त उतरली असेल तर ती ट्यूब घरीच बदला.